जिन्यातील दिवा बंद असल्याबाबत

मी एक जुना पेपरवेट आहे, मित्रांनो. काचेचा, वरून गोल आणि तळाशी सपाट. मुठीत मावतो, पण खिशात ठेवलात तर खिसा फाटेल. मी दमलो आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोष्ट सांगताना मी मधेच रेंगाळलो तर तुम्ही रागवायचं नाही. तुम्ही म्हणाल, नुसतं पडून राहायला कसले आले कष्ट? सगळेच असं म्हणतात. पण उडायला निघालेल्या कागदाला दिवसभर धरून ठेवणं काय असतं, ते धरणाऱ्यालाच ठाऊक. तो फडफडतो, ओढ घेतो, कोपरे वर करतो, आणि आपण मात्र ढिम्म हलायचं नाही. माझी उमेदीची सगळी वर्षं यातच गेली.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. भट्टीपुढे एक बुटका कारागीर उभा असायचा. त्याने सळईच्या टोकावर वितळलेली काच घेतली, फिरवून फिरवून तिला आकार दिला आणि माझ्या पोटात निळी फुलं सोडली. तेवढ्यात त्याला शिंक आली. हात हलला आणि फुलांच्या शेजारी हवेचा एक बुडबुडा अडकून राहिला. ‘गेला हा,’ असं म्हणून त्याने मला दुय्यम मालाच्या पेटीत टाकलं. माझ्याविषयी कोणी बोललेलं हे पहिलं वाक्य. दुय्यम माल कचेऱ्यांमध्ये बरा खपतो, त्यामुळे माझी नोकरीची सोय लगेच झाली.

ती कचेरी पाणीपुरवठ्याची होती. पहिल्या मजल्यावर पत्रव्यवहार शाखा. शाखा म्हणजे एक लांबट खोली, तीन टेबलं, भिंतीला लोखंडी कपाटं, आणि दाराजवळ लाकडी काउंटर. काउंटरच्या पलीकडे नळाला पाणी न आलेली माणसं उभी असायची. डोक्यावर पंखा होता. त्याचं एक पातं वाकडं होतं, त्यामुळे तो फिरताना खोकायचा. हा पंखा आणि मी, आमचं कधी पटलं नाही. तो दिवसभर कागद उडवायला बघायचा आणि मी दिवसभर त्याच्या नावाने बोटं मोडायचो.

शाखेचे हेडक्लार्क होते, त्यांना सगळे ‘महोदय’ म्हणायचे. त्यांची सगळी पत्रं याच शब्दाने सुरू व्हायची, म्हणून हे नाव. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि महोदयांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उंच, बारीक, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. रोज सकाळी आले की रुमालाच्या टोकाने मला पुसायचे, माझ्या पोटातली फुलं एकदा उजेडात धरून बघायचे आणि मगच खुर्चीवर बसायचे. एवढं कौतुक मला पुढे कोणी केलं नाही. त्यांनी सरकारी टाचणीसुद्धा कधी घरी नेली नाही. एकदा चुकून बाहीला टोचून गेली, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी ती डबीत परत टाकली आणि सगळ्यांना तसं सांगितलं.

त्यांच्या टेबलावर आम्ही दोघे होतो. मी काचेचा आणि दुसरा पितळेचा, महाशिष्ट. महोदयांचा नियम असा होता, की माझ्याखाली ठेवलेला मसुदा टाइप व्हायचा आणि पितळेखाली ठेवलेलं सही झालेलं पत्र पोस्टात जायचं. ‘काचेखालचं टाइप होणार, पितळेखालचं जाणार, यात कोणी विचारायचं काही नाही,’ असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचे. टायपिस्ट बाई येता-जाता माझ्याखालचे कागद उचलून न्यायच्या. शिपाईमामा पितळेखालचे उचलायचे, त्यावर जावक क्रमांक घालायचे, शिक्का मारायचे, पाकिटं बंद करायचे आणि संध्याकाळच्या टपालाला टाकून यायचे. घड्याळ लावावं असं सगळं चालायचं.

मी काचेचा असल्यामुळे माझ्याखालची अक्षरं मोठी दिसतात. त्या अक्षरांवरच मी वाचायला शिकलो. दुसरी शाळा मला कुठली?

आणि पत्र कसं लिहावं हे मी महोदयांकडून इतक्यांदा ऐकलं आहे, की झोपेतही सांगेन. नवा कारकून आला की महोदय त्याला टेबलापाशी उभं करायचे. वर उजवीकडे आपला पत्ता आणि तारीख. डावीकडे ज्याला लिहायचं त्याचा हुद्दा आणि पत्ता. मग विषय, तो एका ओळीत मावला पाहिजे. जुन्या पत्राचा धागा असेल तर संदर्भ. मग महोदय किंवा महोदया. मग काय झालं, काय हवं आणि कधीपर्यंत हवं. शेवटी आपला विश्वासू, सही, हुद्दा. ‘वाचणाऱ्याला वेळ नाही आणि तुमच्याविषयी प्रेम नाही, असं धरून लिहायचं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. औपचारिक पत्राची याहून चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

एकदा एका म्हाताऱ्या बाईंचं पत्र आलं. नळाला गढूळ पाणी येतं अशी तक्रार होती, आणि खाली तुमच्या सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत ना, या दिवसांत पाणी उकळून प्या, असंही लिहिलं होतं. महोदयांनी उत्तराचा मसुदा केला. गढूळ पाण्याची चौकशी लावली आहे, आणि परिच्छेद तीनमधील मजकूर या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. टायपिस्ट बाई ते टाइप करताना खुसखुसल्या. त्यांनी विचारलं, की मग घरच्या पत्राचे नियम काय असतात? महोदयांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, ते काम आपल्या शाखेकडे येत नाही.

आता माझ्या नशिबाचं पुढचं एका दमात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. संगणक आले, पंखा जाऊन एसी आला, खिडक्या बंद झाल्या. वारा गेला तशी माझी गरज गेली. मसुदे पडद्यावर व्हायला लागले. मला कोणी काही दिवस खिडकीत ठेवलं, कोणी दाराला टेकण म्हणून लावलं, आणि शेवटी कोणीतरी कपाटाच्या खालच्या खणात टाकलं. तिथे मी अजून आहे. सोबतीला शाई वाळलेले शिक्के आणि तोंड न उघडणारा एक स्टेपलर. पितळेचा भाऊबंद भंगारात वजनावर गेला. मला भंगारवाल्यानेही घेतलं नाही. महोदय त्याआधीच निवृत्त झाले होते. पण मला या खणात पडल्या पडल्या आठवते ती गोष्ट आधीची आहे, पंखा खोकत होता तेव्हाची. तीच तुम्हाला सांगायची आहे.

महोदयांना एक मुलगी होती, एकुलती एक. तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टायपिस्ट बाई अजून नोकरीला लागल्या नव्हत्या आणि शिपाईमामा पोस्टात गेले होते. ती काउंटरपाशी येऊन उभी राहिली. पाणीपुरवठ्याच्याच हिशेब शाखेत एक जागा निघाली होती. महोदयांनी मुलीच्या नावाने अर्ज लिहिला होता, अर्ज कसला, नमुना होता नमुना, आणि तिला नेमणूकपत्र आलं होतं. तेच पत्र घेऊन ती आली होती. तिने काउंटरवरून हात घालून मला उचललं, नेमणूकपत्र माझ्याखाली ठेवलं आणि सांगितलं की ती ही नोकरी करणार नाही. एका नाटक कंपनीत रंगमंचावर दिवे लावायचं काम तिला मिळालं होतं. लहानपणापासून तिला तोच नाद. घरच्या जिन्यातला दिवासुद्धा तिने शाळेत असताना स्वतः बसवला होता, आणि महोदय खालून शिडी धरून उभे होते, असं त्या बोलण्यातच मला कळलं.

महोदयांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. मग खालच्या आवाजात म्हणाले, “यापुढे मला काही सांगायचं असेल तर लेखी सांग.”

मुलीचे डोळे भरून आले, पण आवाज सरळ होता. “मी कशाला लिहू? तुम्हीच लिहा एकदा, बाबा. मला. महोदया न म्हणता.”

ती गेली. नेमणूकपत्र संध्याकाळपर्यंत माझ्याखाली होतं. पंखा ते ओढत होता आणि मी धरून बसलो होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की न्यावं यानेच उडवून.

त्यानंतर महोदयांनी शाखेत तिचं नाव काढलं नाही. शिपाईमामांना एवढंच माहीत होतं, की साहेबांना एक मुलगी आहे आणि ती परगावी असते. पुढे टायपिस्ट बाई आल्या, त्यांनाही तेवढंच कळलं. वर्षं अशीच गेली. मुलगी आईला पोस्टकार्डं पाठवत असे, पण ती घरी. माझ्यापर्यंत त्यातलं एकच कार्ड आलं. एके दुपारी महोदयांनी डब्याची पिशवी उघडली, तर पोळीच्या डब्यावर ते ठेवलेलं होतं. बायकोने मुद्दाम ठेवलं असणार. महोदयांनी ते वाचलं, डबा तसाच बंद केला आणि सुट्टी संपेपर्यंत कार्ड माझ्याखाली सरकवून ठेवलं. मी वाचलं ते असं होतं:

‘आई, कंपनी महिनाअखेरीला बोटीने निघतेय. मोठा दौरा आहे, परत कधी यायचं ते कोणालाच माहीत नाही. बाबांनी दोन ओळी लिहिल्या तर निघायच्या आधी येऊन जाईन. नाही लिहिल्या तर दारात येऊन त्यांना अवघडवणार नाही. तू रडत बसू नकोस. चष्मा बदलून घे.’

दोन ओळी. मित्रांनो, त्या माणसाने आयुष्यात पत्रांचे डोंगर लिहिले होते. मोठमोठ्या अधिकाऱ्यांना कसं लिहायचं हे लोक त्यांना विचारायला यायचे. त्यांना दोन ओळी काय जड होत्या? पण झाल्या जड. रोज जेवणाच्या सुट्टीत ते कोरा कागद घ्यायचे. वर उजवीकडे तारीख, डावीकडे मुलीचं नाव, प्रकाश विभाग, नाटक कंपनीचं नाव, पत्ता. इथपर्यंत पेन सुरळीत चालायचं. मग मायन्यापाशी अडायचं. ‘चि.’ लिहिलं आणि खोडलं. ‘प्रिय’ लिहिलं, दाराकडे बघितलं, खोडलं. एकदा नुसतं नाव लिहिलं, तर हजेरी घेतल्यासारखं वाटलं असावं, तेही खोडलं. एका दुपारी हाताने आपणहून लिहिलं, ‘विषय : काउंटरवर झालेल्या वादाबाबत’. ते वाचून त्यांनी कागद चुरगाळला आणि तो टोपलीत न टाकता खिशात घातला. सरकारी टोपलीत घरचा कागद नको म्हणून. मला त्यांची कीव येत होती आणि रागही येत होता. अहो, नुसतं बाळ म्हणा की, असं मी मनातल्या मनात किती वेळा ओरडलो. पण काचेचं कोण ऐकतं?

महिना सरत आला. मग एके दुपारी त्यांनी मायन्याची जागा रिकामीच सोडली आणि खाली झरझर लिहून काढलं:

‘जिन्यातला दिवा बंद पडला आहे. दोनदा बल्ब बदलून पाहिला. दोष बल्बात नाही. परवा घरातल्या मंडळींचा अंधारात पाय घसरला, थोडक्यात निभावलं. गल्लीतला इलेक्ट्रिशियन यायला तयार आहे, पण त्याला बोलावलेलं नाही. ज्यांनी दिवा बसवला त्यांनीच येऊन पाहावा, अशी इच्छा आहे. महिनाअखेरीपूर्वी येणं झालं तर बरं होईल. वेळ कोणतीही चालेल. घरात कोणी ना कोणी असतंच.’

शेवटीही जागा रिकामी. अख्ख्या पत्रात एकदाही ‘तू’ नाही. पण मी त्या माणसाला रोज बघत होतो. त्यांनी इतकं कोणाला कधी मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. ते पेन उघडं ठेवून बसले होते. मायना आणि शेवट सुचला की घालायचा, असा विचार असावा.

तेवढ्यात शिपाईमामा धावत आले. टाकीवरचा मोठा पंप बंद पडला होता आणि वरच्या साहेबांनी महोदयांना ताबडतोब बोलावलं होतं. महोदय उठले. रोज ते आपला कागद खिशात घालायचे. त्या दिवशी घाईत त्यांनी तो माझ्याखाली ठेवला आणि निघून गेले.

आता बघा हं. टायपिस्ट बाई आल्या. काचेखालचं टाइप होणार, यात विचारायचं काही नाही. त्यांनी सगळे मसुदे उचलले, त्यात हाही उचलला. प्रकाश विभागाला पत्र, दिवा बंद पडल्याचं, दुरुस्तीला या म्हणून. साहेबांच्या मुलीचं नाव बाईंना ठाऊक नव्हतं आणि कंपनी नाटकाची आहे हे नावावरून कळत नव्हतं, मग त्यात वेगळं काय दिसणार? फक्त मायना नव्हता, विषय नव्हता आणि शेवट नव्हता. महोदय पंपाच्या गडबडीत विसरले, असं त्यांना वाटलं. विषयाशिवाय पत्र बाहेर गेलं तर महोदय दिवसभर जेवत नाहीत हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी आपणहून सगळं नीट करून दिलं. ‘विषय : जिन्यातील दिवा बंद असल्याबाबत.’ खाली ‘महोदया’. घरातल्याचं घरातील केलं, पडला आहे ते पडलेला आहे केलं, आणि शेवटी ‘आपला विश्वासू’, हेडक्लार्क, पत्रव्यवहार शाखा.

संध्याकाळी महोदय पंपावरून आले ते चिखलाने माखून. सह्यांचा गठ्ठा पुढे ठेवला होता. महोदय सह्या कधी बघून करत नसत. मसुदा आपलाच, बाईंचं टायपिंग चोख, मग बघायचं काय? त्यांनी एकामागून एक सह्या केल्या. आपल्याच हाताने त्यांनी स्वतःच्या मुलीला हेडक्लार्क म्हणून सही करून दिली, आणि पत्र पितळेखाली गेलं. जावक क्रमांक पडला, शिक्का बसला. शिपाईमामांनी पाकीट बंद केलं आणि टपाल गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या प्रती माझ्याशेजारी होत्या, फायलीला लावायच्या. महोदय एकेक बघत होते. एका प्रतीवर त्यांचा हात थांबला. कार्बनची निळसर अक्षरं होती. त्यांनी ती प्रत वाचली, खिसा चाचपला आणि खुर्चीत बसले. मला उचलायचं, पुसायचं राहून गेलं. बऱ्याच वेळाने त्यांनी बाईंना हाक मारली. बाई हसत आल्या. त्या दिव्याच्या पत्राला विषय नव्हता, मी घातला, असं त्यांनी आपणहूनच सांगितलं.

“ते पत्र माझ्या मुलीला होतं,” महोदय म्हणाले.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी प्रत हातात घेऊन पुन्हा वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग हळू आवाजात म्हणाल्या, “घरचं पत्र होतं तर त्यात घर कुठे होतं, साहेब? मला कसं कळणार?”

महोदयांनी प्रत त्यांच्या हातून काढून घेतली. शिपाईमामांना पोस्टात पिटाळलं, पण टपालाची गाडी केव्हाच गेली होती. मुलीची एकच अट होती, महोदया म्हणायचं नाही, आणि नेमकं तेच छापून, शिक्का मारून तिच्याकडे निघालं होतं. आता ती येणार नाही, बोटीत बसून निघून जाईल, आणि ते पत्र बरोबर घेऊन जाईल. माझ्या पोटात बुडबुडा आहे म्हणून सांगतो, त्या दिवशी मला तो जाणवला.

पण माणूस शेवटी आपल्या वळणावर जातो. दुपारी महोदयांनी कागद घेतला आणि त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. छापील पत्रात चूक राहिली, तर कचेरी काय करते? शुद्धिपत्रक काढते. महोदयांनी ते हाताने लिहिलं:

‘शुद्धिपत्रक. दिव्याच्या पत्रात पुढीलप्रमाणे दुरुस्ती करावी.

“महोदया” या ठिकाणी “बाळ” असे वाचावे.

विषयाची ओळ वगळावी. दिवा हा विषय नव्हता.

“घरातील मंडळी” या ठिकाणी “तुझी आई” असे वाचावे.

“ज्यांनी दिवा बसवला त्यांनी” या ठिकाणी “तू” असे वाचावे.

“इच्छा आहे” या ठिकाणी “वाट बघतोय” असे वाचावे.

“आपला विश्वासू” या ठिकाणी “तुझा बाबा” असे वाचावे.’

मी त्या कागदावर बसलो होतो, मित्रांनो. इतकी वर्षं कागदांवर बसलो, पण एवढा हलका कागद आणि एवढा जड, दोन्ही एकदम, कधी मिळाला नव्हता. काय सांगू, मला रडू आलं. काचेला रडता येत नाही म्हणतात, म्हणोत बापडे.

तुम्हाला वाटेल, आता तरी ते पत्र गेलं असेल. नाही गेलं. महोदयांनी ते पाकिटात घातलं, बाहेर काढलं आणि परत माझ्याखाली ठेवलं. बाईंना बजावलं की हे टाइप करायचं नाही. बाई म्हणाल्या, नाही करत, पण मग पितळेखाली तरी ठेवा. महोदय म्हणाले, उद्या बघू. त्या उद्याला आणखी एक उद्या आला, मग आणखी एक. आता उपयोग काय, ती रागावली असेल, बोट निघाली असेल, असलं काहीबाही त्यांच्या मनात चालत असणार. पंखा त्या कागदाचा कोपरा सारखा उचलत होता. मला जर तसूभर सरकता आलं असतं ना, तर मी सरकलो असतो. पण माझी घडणच धरून ठेवायची, सोडायची नाही.

महिन्याचे शेवटचे दिवस आले. त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती. कुठल्याशा वस्तीत पाणी आलं नव्हतं आणि माणसं तावातावाने बोलत होती. त्या गर्दीतून एक बाई पुढे आली. खांद्यावर कॅनव्हासची पिशवी, पिशवीतून स्क्रूड्रायव्हरची मूठ बाहेर आलेली, दंडावर वायरचं वेटोळं. केसांत दोन-चार पांढरे दिसत होते. पण मी तिला ओळखलं. मला एकदा उचललेला हात मी विसरत नाही.

तिने शिक्का मारलेलं पत्र काउंटरवर ठेवलं. टायपिस्ट बाईंनी जावक क्रमांक बघितला आणि तोंडावर हात ठेवला. मुलगी मात्र सरळ महोदयांकडे बघत होती.

“या ऑफिसातून तक्रार आली होती,” ती म्हणाली. “जिन्यातला दिवा बंद आहे म्हणून. बघायला आलेय.”

महोदय उठून उभे राहिले. त्यांनी टेबलावर हात फिरवला, मला उचललं, माझ्याखालचं शुद्धिपत्रक काढलं आणि काउंटरवरून तिच्यापुढे धरलं. मला त्यांनी कुठे ठेवलं याचंही त्यांना भान नव्हतं. मी टेबलाच्या कडेशी घरंगळलो आणि शाईच्या दौतीला टेकून थांबलो.

मुलीने ते उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा वरून खाली वाचलं. गर्दीतला एक जण माझ्या नळाचं काय म्हणून ओरडत होता, शिपाईमामांनी त्याला दंडाला धरून गप्प केलं.

“याची नक्कल ठेवलीत?” तिने विचारलं.

“नाही.”

“जावक नंबर?”

“नाही.”

“मग हे घरचं पत्र आहे,” ती म्हणाली आणि तिने कागदाची घडी करून पिशवीत नाही, मुठीतच ठेवली. “चला बाबा, शिडी धरायला कोणीतरी लागेल.”

महोदय काउंटरची फळी उचलून बाहेर गेले. रजेचा अर्ज नाही, वरच्या साहेबांना चिठ्ठी नाही, काही नाही. पेन उघडंच होतं. आणि मी कडेला पडलो होतो, त्यामुळे टेबलावरचे सगळे मसुदे मोकळे होते. पंख्याला आयुष्यात पहिल्यांदा रान मोकळं मिळालं. कागद उडाले, काउंटरवर गेले, कपाटांवर गेले, तक्रारवाल्यांच्या डोक्यांवर गेले. शिपाईमामा आणि बाई ते गोळा करत सगळ्या खोलीभर पळत होते, आणि बाई डोळे पुसत हसत होत्या. मी नुसता बघत होतो. मला त्या दिवशी कोणालाही धरून ठेवायचं नव्हतं.

मुलीची कंपनी महिनाअखेरीला बोटीने गेलीच. त्याला इलाज नव्हता. पुढे ती कधी परत आली, आली का, हे मला माहीत नाही. घरची पत्रं घरी येतात, ती माझ्याखाली कशी येणार? मला एवढंच माहीत आहे, की महोदय जेवणाच्या सुट्टीत पुढेही लिहीत बसायचे, कागद माझ्याखाली न ठेवता, आणि लिहून झालं की स्वतः जिना उतरून पेटीत टाकून यायचे. आल्यावर त्यांना धाप लागलेली असायची.

तर मित्रांनो, मी म्हातारा आहे, माझं ऐका. कचेरीला लिहाल तेव्हा विषय लिहा, थोडक्यात लिहा, नक्कल ठेवा, त्यात काही चुकीचं नाही. घरच्या माणसाला लिहाल तेव्हा आधी त्याला हाक मारा, जी हाक तुम्ही मारता तीच, मग पुढचं वेडंवाकडं आलं तरी चालेल. आणि लिहून झालं की ते पत्र कशाच्याही खाली ठेवू नका, पेपरवेटच्या नाही, उशीच्या नाही, उद्याच्या तर नाहीच नाही. आम्ही वर बसणारे कितीही कळवळलो तरी आम्हाला उठता येत नाही. तुम्हाला येतं. उठा आणि टाकून या.